प्लॅस्टिकच्या पोटातली वीज

लोखंडाचा चुंबक वर्षानुवर्षं चुंबकच राहतो, याचं आपल्याला नवल वाटत नाही. पण वायर नाही, सेल नाही, तरी विद्युतभार धरून बसलेला पदार्थ? ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८५ साली त्याला ‘इलेक्ट्रेट’ हे नाव देऊन ठेवलं. प्रत्यक्षात तो घडवला जपानच्या मोतोतारो एगुची यांनी, १९१९च्या सुमारास, आणि तोही चक्क मेण आणि राळ वितळवून! उच्च दाबाची वीज लावलेली असतानाच त्यांनी ते मिश्रण थिजू दिलं. वीज काढली, तरी भार आतच राहिला.

१९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी प्लॅस्टिकच्या भारित फिल्मचा माइक बनवला. पुढे या कामात टेफ्लॉन सरस ठरलं. जेमतेम बारा मायक्रॉन जाडीची फिल्म, तिच्या एका अंगाला धातूचा मुलामा, समोर धातूची पट्टी आणि मध्ये हवेची फट. आवाजाने फिल्म हलते, फट कमीजास्त होते आणि त्या प्रमाणात व्होल्टेज बदलतो. झाला माइक!

मग हा भार निसटत का नाही? पॉलिमरचे रेणू वेडेवाकडे गुंतलेले असतात आणि त्या गुंत्यात इलेक्ट्रॉन अडकतात. पाऊस थांबल्यावर अंगणातले उथळ खळगे आधी सुकतात, खोलगट मात्र पाणी धरून राहतात, तसंच इथे. म्हणून भार सुरुवातीला भरभर घटतो, मग अगदी सावकाश. फिल्म हळूहळू तापवत नेली, की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि ठरावीक तापमानांना प्रवाहाच्या उसळ्या दिसतात. त्यावरून खळगे किती खोल, याचा हिशेब मांडता येतो. न दिसणाऱ्या गोष्टीची खोली निव्वळ उष्णतेने मोजायची, ही मला यातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

दोन वेगळ्या पॉलिमरचे थर एकावर एक चढवले, तर आणखी मजा. एकातून भार जरा सहज सरकतो, दुसऱ्यात अडखळतो आणि दोघांच्या सीमेवर साचून राहतो.

एन-९५ मास्कच्या थरांमध्येही पॉलिप्रॉपिलीनच्या भारित तंतूंचा एक थर असतो. बारीक कण तो नुसता गाळत नाही, ओढूनही घेतो. अल्कोहोलने किंवा साबणाच्या पाण्याने हा भार जातो आणि मास्क दिसतो मात्र जसाच्या तसा. तेव्हा तो धुऊ नका, त्यावर सॅनिटायझरही फवारू नका.