इंजिन अडते तेव्हा

गहू साठ-पासष्ट दिवसांचा होऊन फुलोऱ्यावर यावा, विहिरीला पाणीही असावे, आणि नेमके त्याच वेळी इंजिनाने अडून बसावे, हा प्रसंग अनेक शेतकरी बंधूंनी अनुभवला असेल. या अवस्थेत पाण्याचा ताण पडल्यास ओंबीत दाणे कमी धरतात व मागाहून दिलेल्या पाण्याने ती तूट भरून निघत नाही. विजेचे व सौर पंप आता बरेच झाले असले, तरी पुष्कळ विहिरींवर डीझेल इंजिन राखून ठेवलेले असते. आणि एरवी उभे राहणारे इंजिनच गरजेच्या दिवशी अधिक त्रास देते.

जानेवारी २०२३ मध्ये अशाच एका विहिरीवर जाण्याचा योग आला. वृद्ध शेतकरी म्हणाले, "साहेब, डीझेल ओतलं की चालतं, घटकाभरानं बंद पडतं. मग कितीबी हँडल मारा, ऐकत नाही. मिस्त्री म्हणतो, पंप खोलून तालुक्याला न्यावा लागंल." मी विचारले, "आबा, टाकीच्या झाकणाखाली काही बसवलंय का?" पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचा कागद बसविला होता. झाकणाच्या छिद्रातून टाकीत हवा शिरली नाही, तर डीझेल खाली उतरत नाही. भरण्यासाठी झाकण उघडले की हवा शिरे आणि इंजिन थोडा वेळ चाले. कागद काढला, नळीत शिरलेली हवा बाहेर काढली, आणि दुपारपर्यंत निम्म्या शेताला पाणी पोहोचले. दोष शोधण्याआधी इंजिन केव्हा चालते व केव्हा बंद पडते, हे मालकास नीट विचारावे ते याचसाठी.

डीझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली जर्मनीत यशस्वी करून दाखविलेल्या या यंत्रात हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होऊ पाहणाऱ्या लोखंडासारखी होते, आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेटते. तेव्हा तेल, हवा व दाब यांपैकी कशाची उणीव आहे, एवढेच पाहावयाचे असते.

प्रथम दाब सोडणारा लिव्हर उचलून हँडल फिरवावे. तरीही ते जड जात असेल तर पट्टा उतरवून पुन्हा पाहावे. पुष्कळदा दोष इंजिनाचा नसून पंपाच्या ग्लँडची दोरी फार आवळलेली असते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिल्यास हात मोडण्याचे टळते.

हँडल फिरत असताना नोझलकडे कान द्यावा. प्रत्येक फवाऱ्यास 'कर्र' असा आवाज येत असेल, तर तेल पोहोचत आहे. आवाज नसेल व धुराड्यातून धूरही नसेल, तर टाकीकडून निघावे: तोटी, झाकणाचे छिद्र, गाळणी. गाळणीचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावे व स्क्रू आवळावा. मग पंपाचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलजवळील नळीचा नट किंचित सैल करून हँडल मारावे व तेल उसळताच आवळावा. हा क्रम उलटा करू नये. फवाऱ्यासमोर हात मुळीच धरू नये. दाबाखालचे तेल कातडीत शिरते व जखम बारीक दिसली तरी ती घातक असते.

आवाज येतो, पांढरा धूरही निघतो, पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी तेलात पाणी आहे का ते पाहावे. टाकीच्या तळाचे थोडे तेल काचेच्या बाटलीत काढून ठेवले की पाणी खाली बसते. थंडीच्या सकाळी इंजिनाच्या पाण्याच्या जागेत कोमट पाणी घातल्यानेही काम होते. हवेच्या नळीशी पेटता बोळा धरण्याची रीत मात्र सोडावी.

दाब पाहण्यासाठी तेल बंद करून, लिव्हर खाली ठेवून चक्र हाताने सावकाश फिरवावे. ते अडून स्प्रिंगसारखे मागे ढकलले गेले, तर दाब ठीक आहे. सहज फिरून जात असल्यास 'सुस्स' आवाज कोठून येतो ते ऐकावे. हवेच्या नळीतून आल्यास आत घेणारी झडप, धुराड्यातून आल्यास बाहेर सोडणारी झडप, आणि खालच्या तेलपेटीच्या श्वासनळीतून आल्यास दट्ट्याच्या कड्या झिजल्या असे समजावे. झडपांचे टॅपेट फार आवळले गेले असतील तर तेवढे पान्ह्याने सुधारता येते. कड्या, नोझल व पंप मात्र शेतावर, धुळीत उघडू नयेत; ते काम कारागिराचेच.

हवेची नळी मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती सर्वांत कमी पाहिली जाते. पावसाळाभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या धुराड्यात कुंभारमाशीने मातीचे घर केलेले मी दोनदा पाहिले आहे. इंजिन उभे करताना दोन्ही तोंडांना गोणपाट बांधावे, टाकी भरून ठेवावी, आणि बांधलेले गोणपाट सुरू करण्यापूर्वी सोडावयाचे आहे, हे झाकणावर खडूने लिहावे.