सोनेरी महालाच्या भिंतीत काय आहे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारातली सगळ्यात देखणी वास्तू विद्यापीठाने बांधलेलीच नाही. डोंगराच्या पायथ्याचा सोनेरी महाल सतराव्या शतकातला. मोगलांबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेला सरदाराने तो उभारला, असं सांगतात. आतल्या सोनेरी चित्रांवरून नाव पडलं. चित्रं बव्हंशी गेली, नाव टिकलं. विद्यापीठ 1958 साली स्थापन झालं. आज महालात राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे.

जुन्या वास्तूला नवं काम मिळालं की सगळे खूश होतात. अभियंता मात्र आधी वजन विचारतो. राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरमागे साधारण 200 किलो भार धरतात, संग्रहालयाच्या जमिनीवर 400. दगडी मूर्ती वरच्या मजल्यावर न्यायच्या की खालीच ठेवायच्या, हा नुसता मांडणीचा प्रश्न उरत नाही.

आणि भूकंप? मराठवाड्याने तो प्रश्न 30 सप्टेंबर 1993 पर्यंत फारसा विचारला नव्हता. विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली. भूकंपाच्या नकाशात तो पट्टा तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा होता. माणसं मेली ती स्वतःच्याच घरांच्या दगडांखाली. भिंती हात-दीड हात जाड, पण प्रत्यक्षात दोन सुट्या पाखी, म्हणजे आतला आणि बाहेरचा दगडी पदर, आणि मधे दगडगोट्यांचा, मातीचा भराव. हादरा बसला की पाखी एकमेकींपासून सुटतात, भिंतीला पोट येतं, आणि वरचं मातीचं जड माळवद खाली बसतं. जाडी म्हणजे ताकद, हा आपला फार जुना गैरसमज.

उभ्या राहिलेल्या घरांसाठी उपाय साधा होता: भिंतीत आरपार भोक पाडायचं, सळई घालून काँक्रीट भरायचं, दोन्ही पाखी एकमेकींना बांधायच्या. वर घराला चारी बाजूंनी पट्टा, आणि माळवदावरची माती कमी.

महालासारख्या चुन्याच्या बांधकामात तत्त्व तेच, साहित्य वेगळं. तिथे सिमेंट नको. ते चुन्यापेक्षा ताठ, शिवाय ओल कोंडून ठेवतं. भराव पोकळ झाला असेल तर पातळ चुनाच आत सोडावा, सळई गंज न धरणारी घ्यावी. चित्रांचा गिलावा असेल तिथे मागच्या बाजूनेच काम. माझ्या मते मात्र सुरुवात गच्चीपासून व्हावी. जुन्या इमारतींवर गळती थांबवायला दर पिढी एक थर चढवते, खालचा कुणी काढत नाही. आधी ते थर उतरवावेत, सळया नंतर.