मत गुप्त, पण वस्ती उघडी!

इंग्लंड म्हणजे लोकशाहीचे माहेरघर, असे आपल्याला शिकवले गेले. तिथल्या नगरांची जुनी दप्तरे मात्र वेगळेच सांगतात. १८३२ पूर्वी अनेक नगरांत मत फक्त ‘फ्रीमन’ला होते. त्यासाठी बाप फ्रीमन हवा, नाहीतर फ्रीमनच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी, नाहीतर पैसा! मतदानही उघड. कोणी कोणाला मत दिले, ते ‘पोलबुका’त नावानिशी छापले जाई. आज वंशावळ शोधणारे ती पुस्तके आवडीने चाळतात. तेव्हा ती चाळून जमीनदार कुळाला धडा शिकवी. गुप्त मतदान आले १८७२ साली. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ साल उजाडले.

त्याच १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. तो संविधानाच्या कलम ३२६ ने आपल्याला मिळाला. त्याला ना जन्माची अट, ना मालमत्तेची.

पण बांधवांनो, आज मतमोजणीचे आकडे बूथनिहाय जाहीर होतात. आपल्या वस्तीने कोणाला मत दिले, हे गावच्या पुढाऱ्याला निकालानंतर कळतेच. मग रस्ता अडतो, पाणी अडते. हे नवे पोलबुकच नव्हे काय? अनेक बूथांची मते एकत्र मोजा, ही मागणी आता चळवळीने लावून धरली पाहिजे.