अडीच लिटर, तीन वेळा

सकाळी ८.३०
धायरी फाट्याजवळ आमचं गॅरेज. शटर वर गेलं की आधी झाडू, मग चहा, मग फळ्यावर आजच्या गाड्या. आज वरच्या ओळीत २००८ ची होंडा सीआर-व्ही आहे: २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, गरज पडली की मागच्या चाकांनाही जोर देणारी. काट्यावर १ लाख ३० हजारांच्या वर. मालक निवृत्त प्राध्यापक. गाडी सेकंड हँड घेतलेली, आणि फाईलमध्ये गिअरच्या तेलाची एकही पावती नाही. रिव्हर्स टाकला की क्षणभर थांबून हलका धक्का बसतो, एवढीच तक्रार.

"दादा, आधीचा मालक म्हणाला, हे तेल आयुष्यभर चालतं."

"काका, कुणाच्या आयुष्यभर ते विचारलंत का?"

सकाळी ९.००
पान्याला हात लावण्याआधी गाडी चालवून बघायची. स्कॅनर लावला, गिअरबॉक्सचा एकही कोड नाही. खडकवासल्याच्या रस्त्याला एक फेरी मारली. गिअर आपापल्या जागी पडतात, इंजिन रेस होऊन गाडी मागे राहते असं कुठे होत नाही. म्हणजे आतल्या क्लच प्लेटा शाबूत आहेत.

परत येऊन सपाट जागी लावली. रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवलं, मग बंद केलं. होंडाची तऱ्हा निराळी. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरचं तेल इंजिन चालू ठेवून बघतात. हिच्यात ते बंद करून, एक ते दीड मिनिटाच्या आत बघायचं. डिपस्टिक ओढली, एक थेंब टिश्यू पेपरवर टाकला. मधोमध तपकिरी डाग, कडेला फिकट गुलाबी वलय. नाकाजवळ नेला: जुनाट वास आहे, करपलेला नाही. हे तेल थकलंय, जळलेलं नाही. बदलायला हरकत नाही.

सकाळी १०.१५
नाना पेठ. पुण्यात गाडीचा पार्ट इथे मिळाला नाही तर मग नाहीच, असं आम्ही म्हणतो. दुकानदाराने काउंटरवर तीन डबे ठेवले. तिन्हींत लालच तेल. हा लाल म्हणजे नुसता रंग, गळती कुठली ते चटकन ओळखू यावी म्हणून घातलेला. तेलाच्या प्रतीशी त्याचा संबंध नाही.

ऑटोमॅटिकचं तेल फक्त वंगण नसतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेच पुढे नेतं, व्हॉल्व्ह बॉडीतून दाब देऊन क्लच तेच आवळतं, आणि त्या क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडून एकमेकींना धरतात. प्लेटांनी किती घट्ट धरायचं आणि किती अलगद, हे त्यातली रसायनं ठरवतात. ती जास्त निसरडी झाली की गिअर घसरतो, कमी पडली की गाडी थरथरते. म्हणून प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन, फोर्डचं मर्कॉन. टोयोटाचं आधी टी-फोर होतं, नंतर डब्ल्यूएस आलं, आणि ही दोन टोयोटाची असूनही एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

एके काळी ही रसायनं स्पर्म व्हेलच्या तेलातून यायची. १९७३ च्या कायद्याने अमेरिकेत या व्हेलच्या तेलाचा व्यापार थांबला आणि तेल कंपन्यांना पर्याय शोधावे लागले.

आमच्या गाडीला मुळात झेड-१ लागायचं. होंडाने ते बंद करून डीडब्ल्यू-१ आणलं, आणि ते झेड-१ च्या जागी चालतं असं कंपनीच सांगते. दुकानदार म्हणाला, "हे बघा, सगळ्या गाड्यांना चालणारं. स्वस्तही पडेल." असेलही. पण सतरा-अठरा वर्षांच्या गिअरबॉक्सवर प्रयोग करायला तो माझा थोडाच आहे? डीडब्ल्यू-१ आठ लिटर घेतलं, सील आणि बॅच नंबर बघून. मागच्या डिफरन्शियलसाठी होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड वेगळं घेतलं. तिथे आतमध्ये क्लच आहे. भलतं तेल पडलं की गाडी वळताना कण्हते.

सकाळी ११.३०
गाडी लिफ्टवर. तेल कोमट आहे, म्हणजे सहज वाहील आणि हातही भाजणार नाही. गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगला चौकोनी खाच आहे. त्यात तीन सुती रॅचेट थेट बसतो, सॉकेट लागत नाही. पोरगा इंजिन ऑइलच्या प्लगकडे वळत होता. "अरे, तो नाही. त्याच्या शेजारी बघ." शिकाऊ पोरांच्या हातून हे होतं. इंजिनचं तेल रिकामं होतं, गिअरबॉक्समध्ये जुन्यावर नवं ओतलं जातं आणि दोन्ही धोक्यात येतात.

प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी चिखल, बोटांत चोळला तर शाईसारखा पसरणारा. हा प्लेटांचा आणि दात्यांचा रोजचा झिजलेला चुरा. त्यात चकाकणारे तुकडे किंवा टोचणारी कुसळं निघाली असती तर काकांना खुर्ची देऊन वेगळंच सांगावं लागलं असतं. चुंबक पुसून नवा ॲल्युमिनियमचा वॉशर घातला आणि टॉर्क रेंच ४९ न्यूटन मीटरवर लावला. खोकं ॲल्युमिनियमचं आहे. अंगाचा जोर लावला की आटे गेलेच.

निघालेलं तेल खुणा केलेल्या बरणीत ओतलं: अडीच लिटरला थोडं कमी. जेवढं निघालं तेवढंच परत भरायचं. डिपस्टिकच्या भोकात लांब नळीचं फनेल, आणि पुसायला धागे न सुटणारं कापड. जुन्या बनियनचा एक धागा आत गेला तरी तो बारीक व्हॉल्व्हपाशी अडकू शकतो.

दुपारी १२.३०
काकांना शंका आली. गिअरबॉक्समध्ये एकूण सात लिटरच्या आसपास तेल, मग अडीच काढून काय उपयोग?

बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये अडकलेलं असतं, ते प्लगमधून येत नाही. अर्ध्या भरलेल्या किटलीत ताजा चहा ओतावा तसं हे काम: एका खेपेला जेमतेम एक तृतीयांश नवं होतं, तीन खेपांत सत्तर टक्क्यांच्या आसपास. मात्र प्रत्येक खेपेनंतर गाडी चालवावी लागते, नाहीतर नवंच तेल पुन्हा बाहेर येईल.

"मशीन लावून एकदम का नाही काढत?"

"लावता येतं. पण या गाडीचं तेल कधी बदलल्याची खात्री नाही. आतला गाळ एकदम ढवळून मी रात्री झोपणार नाही."

दुपारी १.३० ते ४.३०
पायाखाली ब्रेक, आणि पी, आर, एन, डी असा एकेक गिअर सावकाश. मग नांदेड फाट्यापर्यंत फेरी. जेवण. दुसरी खेप: बरणीतलं तेल आता विटकरी. परत फेरी. या मधल्या वेळात दोन पंक्चर, एका ॲक्टिव्हाचा ब्रेक आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल उरकलं. तिसऱ्या खेपेला निघालेलं तेल उन्हात धरलं तर आरपार लाल दिसलं. पोरगा म्हणाला, "आता चौथी?" नको. राहिलेलं थोडं जुनं तेल पुढच्या वेळी निघेल.

संध्याकाळी ५.१५
पुन्हा पंखा दोनदा, इंजिन बंद, डिपस्टिक. पातळी दोन खुणांच्या मध्ये. जास्त झालं तर तेलाला फेस येतो आणि फेसाने दाब कमी होतो, म्हणून वरच्या खुणेच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. काकांना शेजारी बसवून फेरी मारली. रिव्हर्सचा धक्का गेला असं मी म्हणणार नाही, खूप कमी झालाय. पुढे ४० हजार किलोमीटरवर एकच खेप पुरेल. घाटातून बरंच जाणं असेल तर त्याआधी. बिलावर तेलाचं नाव आणि किलोमीटर लिहिले, म्हणजे गाडी कुणाच्याही हाती गेली तरी त्याला अंदाज येईल.

जुनं तेल पिंपात. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो धोकादायक कचरा आहे, नोंदणी असलेला रीसायकलवालाच नेतो.

संध्याकाळी ७.००
शटर खाली ओढताना एकजण दुसरी जुनी एसयूव्ही घेऊन आला. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. "तेल बदलून द्या, आजच." डिपस्टिक काढली: काळं, करपलेलं. म्हटलं, शेठ, प्लेटा जळल्यात. नवं तेल घातलं तर गाडी उद्या बंद पडेल आणि नाव माझं होईल. आधी गिअरबॉक्स उतरवणाऱ्याकडून तपासून घ्या. पत्ता देतो. शेठ चिडले. पत्ता मात्र घेऊन गेले.