पाण्याची पारख, लेखांक ७ : फ्लोराइड आणि दहा मिलिव्होल्ट

मागील लेखांकात आयन-निवडक इलेक्ट्रोडची, म्हणजे पाण्यातील असंख्य आयनांपैकी एकाच प्रकारच्या आयनाला प्रतिसाद देणाऱ्या विद्युतअग्राची, रचना पाहिली. या लेखांकात त्याने दिलेला आकडा विश्वसनीय कशाने ठरतो, याचा विचार फ्लोराइडच्या आधारे केला आहे. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड अधिक आढळते आणि तेथे या मापनावर गावाने कोणत्या विंधनविहिरीचे पाणी प्यावे हे ठरत असल्याने, त्यातील चूक केवळ प्रयोगशाळेपुरती राहत नाही.

मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेल्या या इलेक्ट्रोडच्या टोकाशी लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो आणि त्यात अल्प प्रमाणात युरोपियम मिसळलेले असते. स्फटिकाच्या जालकातील रिक्त जागांमधून फ्लोराइड आयनच सरकू शकत असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंमध्ये विद्युतविभव निर्माण होतो. तो स्थिर विभवाच्या संदर्भ इलेक्ट्रोडशी ताडून मोजला जातो. २५ अंश सेल्सिअसला फ्लोराइड दहापट वाढले, की हा विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने घटतो. या घटीला इलेक्ट्रोडचा उतार म्हणतात.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. या दोन मर्यादांमधील अंतर मिलिव्होल्टमध्ये मांडले तर ते जेमतेम १०.४ भरते. एका मिलिव्होल्टच्या चुकीने संहतीत जवळजवळ चार टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून तीन-चार मिलिव्होल्टचे विचलन, जे अस्वच्छ स्फटिकाने किंवा त्याखाली अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याने सहज घडू शकते, सीमेवरच्या पाण्याचा निर्णय फिरवण्यास पुरेसे ठरते.

याहून खोल अडचण अशी, की इलेक्ट्रोड एकूण फ्लोराइड मोजत नाही. तो मुक्त फ्लोराइड आयनांची क्रियाशीलता, म्हणजे इतर आयनांच्या सान्निध्यात त्यांचा प्रत्यक्ष जाणवणारा प्रभाव, मोजतो. विद्राव्य क्षार अधिक असलेल्या पाण्यात ही क्रियाशीलता संहतीपेक्षा कमी भरते. साहजिकच ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेल्या प्रमाण द्रावणांवर अंशांकन करून, म्हणजे ज्ञात संहतीच्या द्रावणांशी उपकरणाचा मेळ घालून, क्षारयुक्त पाणी तसेच मोजले तर आकडा कमी येतो. उलट फ्लोराइडयुक्त भूजल पुष्कळदा अल्कधर्मी असते आणि सामू आठच्या वर गेला, की हायड्रॉक्साइड आयनांनाही स्फटिक प्रतिसाद देऊ लागल्याने आकडा फुगतो. सामू पाचच्या खाली उतरल्यास फ्लोराइड हायड्रोजनशी बांधले जाऊन मापनातून निसटते.

अ‍ॅल्युमिनियमचा परिणाम यांपेक्षा घातक आहे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी केले जाते. मात्र पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरले, तर ते फ्लोराइडशी जटिल आयन बनवते आणि असे बद्ध फ्लोराइड इलेक्ट्रोडला दिसत नाही. पाणी शुद्ध झाल्याचा आभास होतो, पण ते फ्लोराइड पिणाऱ्याच्या शरीरात जातेच. म्हणूनच प्रमाण द्रावण व नमुना या दोहोंत समप्रमाणात एक विशिष्ट बफर द्रावण मिसळणे अनिवार्य आहे; ते क्षारांची एकूण पातळी समान करते, सामू पाच ते साडेपाचच्या दरम्यान धरते आणि त्यातील सीडीटीए हे संयुग अ‍ॅल्युमिनियम व लोह यांना स्वतःशी बांधून फ्लोराइड मोकळे करते. बफर न घालता घेतलेला आकडा नैसर्गिक पाण्याच्या बाबतीत ग्राह्य धरू नये.

तापमानाकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. दर अंशामागे उतार सुमारे ०.२ मिलिव्होल्टने बदलतो; उपकरणातील स्वयंचलित दुरुस्ती केवळ हा उतार सुधारते, इलेक्ट्रोडच्या मूळ विभवातील बदल नव्हे. त्यामुळे नमुना व प्रमाण द्रावणे एकाच तापमानावर आणणे, चुंबकीय ढवळणीच्या उष्णतेपासून बचावासाठी चंचुपात्राखाली थर्मोकोल ठेवणे आणि ढवळण्याचा वेग सारखा राखणे आवश्यक ठरते. पात्रे काचेऐवजी प्लॅस्टिकची वापरावीत, प्रमाण द्रावणे कमी संहतीकडून अधिक संहतीकडे मोजावीत आणि नमुन्याचा आकडा त्यांच्या दरम्यान पडेल अशी ती निवडावीत.

अखेरची तपासणी ज्ञात भर घालण्याची. नमुन्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम फ्लोराइड वाढेल एवढे प्रमाण द्रावण घातल्यावर आकडाही तितकाच वाढला पाहिजे. तो लक्षणीय कमी वाढला, तर पाण्यातील काहीतरी फ्लोराइडला अद्याप बांधून ठेवत आहे, असे समजून तो अहवाल रोखावा. प्रत्येक अहवालात फ्लोराइडच्या आकड्याशेजारी त्या दिवशीचा उतार, तापमान व या तपासणीचा निष्कर्ष नोंदवलेला असावा, आणि ग्रामपंचायतींनी त्याची मागणी करावी.