पिण्याचे पाणी आणि बालकांचे अपंगत्व
मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या अनेक गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडचे पाणी बालपणापासून पोटात गेल्यास दात डागाळतात; प्रमाण फारच वाढल्यास हाडे वाकून अपंगत्व येते. वाकलेली हाडे औषधाने सरळ होत नाहीत आणि पाणी उकळल्याने फ्लोराइड नाहीसे होत नाही. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय होय. याच हेतूने केंद्र शासनाने २००८-०९ मध्ये राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. ग्रामपंचायतीने प्रत्येक हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे व सदोष पंपास लाल रंग लावावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे दात पाहावेत. थोरल्या मुलाच्या दातांवरील डाग ओळखून पाणी वेळीच बदलल्यास धाकट्याची हाडे वाचू शकतात.