‘ऑन युवर मार्क्स’ म्हणजे नेमकं काय?

संपादक मंडळाने “मराठी विभागासाठी काहीतरी दे” म्हटलं तेव्हा मी हसलेच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलतो, पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कायमचं भांडण! तरीही हा लेख मराठीतच लिहायचा, हे आधीच ठरलं होतं. का, ते पुढे कळेलच. (शुद्धलेखन माझ्या रूममेटने तपासलंय, तेव्हा उरलेल्या चुका निम्म्या तिच्या.)

ही रूममेट तलासरीची, मी डहाणू रोडची. ती आश्रमशाळेत खो-खो खेळायची. मेसची बेल वाजली की आमच्या मजल्यावरून पहिली तीच पोचते, त्यामुळे हॉस्टेलमध्ये तिचं नाव ‘तलासरी एक्स्प्रेस’. गेल्या वर्षी ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत १०० मीटरला उतरली. आम्ही सगळ्या ओरडून घसा बसवायला गॅलरीत हजर!

तिथे तिने आयुष्यात पहिल्यांदा स्टार्टिंग ब्लॉक पाहिले. आधीच्या हीटमधल्या चांगल्या उंच मुलीने लावलेले ब्लॉक तसेच होते. ही त्यात पाय देऊन बसली. बंदूक वाजली, पहिल्याच पावलाला ती अडखळली, एक हात जमिनीला टेकला. सावरून धावली, पण पाचवी आली. संपलं.

रात्री ती एवढंच म्हणाली, “अगं, ते लोखंड मागेपुढे सरकतं हेच मला माहीत नव्हतं.” सूचना दिल्या होत्या, पण इंग्रजीत आणि घाईघाईत. मला त्यातला शब्द न् शब्द कळला होता, पण ब्लॉक कसा लावायचा हे मलाही ठाऊक नव्हतं! मग मी वाचायला लागले आणि तिला मराठीत सांगायला लागले. तेच इथे लिहितेय.

आधी थोडं फिजिक्स. (पळू नका, एकच गणित आहे.) धावणारीचं वजन ५० किलो धरा आणि पहिले १० मीटर तिने २.२ सेकंदांत कापले असं समजा. त्वरण एकसारखं धरलं तर ते सुमारे ४.१ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. म्हणजे सरासरी २०५ न्यूटनचा आडवा जोर हवा. तिचं वजन ४९० न्यूटन, म्हणजे वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त जोर नुसत्या घर्षणातून काढायचा! प्रत्यक्षात पहिल्या ढकलीला तो याहूनही जास्त लागतो. आपल्या ग्राउंडच्या भुसभुशीत मातीत पाय सटकतो तो यामुळेच. ब्लॉक म्हणजे पायामागे उभी केलेली भिंत. तिला मागे ढकला, ती तुम्हाला पुढे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही.

ही युक्ती जुनीच. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये टॉमस बर्क दोन्ही हात जमिनीवर टेकून, वाकून सुटला आणि १०० मीटर जिंकला. पुढे धावपटू ट्रॅकवर छोट्या खुरप्याने खड्डे खणायचे. १९३६ ला बर्लिनमध्ये जेसी ओवेन्सनेही तेच केलं. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले ते १९४८ साली, लंडनला.

आता ब्लॉक लावायचा कसा? टेप नको, स्वतःचं पाऊल पुरे. रेषेपासून साधारण दोन पावलांवर पुढचा ब्लॉक आणि त्याच्या मागे आणखी एक पाऊल सोडून दुसरा. इथून सुरुवात करायची आणि मग आपल्याला सोयीचं पडेल तसं थोडं सरकवायचं. पुढे कुठला पाय? पाय जुळवून उभ्या राहा आणि तोल जाईपर्यंत पुढे झुका. सावरायला जो पाय आपोआप पुढे येतो, तो मागच्या ब्लॉकवर.

‘ऑन युवर मार्क्स’ला हात रेषेच्या मागे, खांद्याएवढ्या अंतरावर, बोटांची कमान करून. ‘सेट’ला कंबर वर, खांद्यांपेक्षा किंचित उंच. पुढचा गुडघा साधारण ९० अंशात, मागचा १२० ते १३०. मान ताठ करून फिनिश लाइनकडे बघायचं नाही, नजर खालीच. आमच्या एक्स्प्रेसचं काय झालं ते आता कळेल. ब्लॉक लांब पडल्याने ‘सेट’ला तिचे गुडघे जवळजवळ सरळ झाले. सरळ पाय ढकलणार तरी काय? सगळा भार हातांवर गेला आणि हात उचलताच तोल गेला.

बंदुकीचा अंदाज बांधायचा नाही. आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललात तर तो फॉल्स स्टार्ट. २०१० पासून एका चुकीलाच बाहेर. २०११ साली देगूच्या जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये खुद्द उसेन बोल्ट असा बाहेर गेला होता!

सगळ्यात मोठी चूक होते त्यानंतर. सुटल्यासुटल्या आपण सरळ उभ्या राहतो. २००९ ला बर्लिनमध्ये बोल्टने ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा पहिल्या १० मीटरला त्याला १.८९ सेकंद लागले आणि ६० ते ८० हे २० मीटर झाले १.६१ मध्ये. म्हणजे वेग हळूहळू चढतो, गाडीच्या गिअरसारखा. पहिली पावलं आखूड, जमिनीलगत, मागे ढकलणारी. हात जोरात. पावलं लांबत जातील तसं अंग वीस-तीस मीटरपर्यंत सावकाश वर येऊ द्यायचं. खो-खोवाल्यांना हे उपजत येतं. खो मिळाला की बसल्या जागेवरून त्या झुकूनच सुटतात.

दिवाळीच्या सुट्टीत ती एसटीने डहाणूला आली. ओहोटीला आमच्या पारनाक्याच्या समुद्रावर वाळू लांबवर घट्ट होते. ब्लॉक कुठून आणणार? करवंटीने दोन खड्डे खणले, ओवेन्ससारखे! आणि वाळू म्हणजे फुकटचा कोच. पायामागे वाळूचा ढीग दिसला तर ढकल बरोबर. टाचेचा खड्डा दिसला तर पाऊल कमरेच्या फार पुढे पडलंय, म्हणजे ब्रेक लागला. ती धावायची, मी मागून ओणवी होऊन ठसे वाचायचे. फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, “काय हरवलंय का पोरी?”

स्टॉपवॉचवर भरवसा ठेवला नाही, अंगठ्याच्या उशिरातच ०.२ सेकंद जातात. मोबाइलवर शूटिंग केलं आणि फ्रेम्स मोजल्या. सेकंदाला ३० फ्रेम्स. पहिल्या दिवशी २० मीटरला १११ लागल्या, दहाव्या दिवशी १०५. सहा फ्रेम्स म्हणजे ०.२ सेकंद.

स्टार्ट म्हणजे सर्वस्व नाही, हेही खरं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नोआ लाइल्स ३० मीटरला शेवटचा होता आणि शेवटी ०.००५ सेकंदाने जिंकला. पण निदान अडखळून तरी हरू नये ना! २०२५ च्या उत्तराखंड राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मुलींच्या १०० मीटरचं सुवर्ण आपल्या साताऱ्याच्या सुदेष्णा शिवणकरने आणलं. तलासरीही फार लांब नाही.

यंदाची स्पर्धा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते लागो, ब्लॉक मात्र ती स्वतः लावणार. रोज सकाळी सहाला आम्ही ग्राउंडच्या झाडाकडच्या टोकाला असतो. शिकायला पैसे नाहीत, इंग्रजीही लागत नाही. फक्त मेसच्या बेलआधी उठा!